मुशीतली राख

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातल्या नामपूरच्या भंगाराच्या दुकानापुढे ॲल्युमिनियमचा ढीग कशाकशाचा बनतो, हे जरा थांबून पाहावे. तळ गेलेली जर्मनची पातेली, कान तुटलेली कढई, दुधाची चेपलेली किटली, खिडकीच्या सेक्शनचे तुकडे, वरचे आवरण जाळून मोकळी केलेली तार, मोटारसायकलच्या इंजिनाचे फुटके कव्हर, एखादा झिजलेला पिस्टन, थंड पेयाचे डबे. अनुभवी भंगारवाला त्यातून पत्रा, तार, सेक्शन आणि कास्टिंग असे वाटे करतो. त्याच्या पुढे सहसा कोणी जात नाही. माल पोत्यांत भरतो, टेम्पोत चढतो आणि मोसम खोऱ्यातून बाहेर पडतो. त्याच गावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉलीभोवती उभे राहा. उन्हाळ की लाल, गोल्टा की गोल्टी, जोड किती, पत्ती सुटली का, कोंब आला का, हे मूठभर कांदा हातात घेऊन ठरते आणि दोन ट्रॉल्यांमधला भाव बदलतो. कांद्याला मिळणारी ही पारख ॲल्युमिनियमला मिळत नाही. या लेखाचा विषय तिथूनच सुरू होतो.

भंगार वितळवून केलेले ॲल्युमिनियम शेतातल्या टाकाऊ मालाची राख आणि काही पूरक द्रव्ये घालून बळकट करता येते का, हा तो विषय. भाताच्या तुसाची राख, उसाच्या बगॅसची राख, नारळाच्या करवंटीची, भुईमुगाच्या टरफलांची, बांबूच्या पानांची राख यांवर भारतात, आफ्रिकेत आणि इतरत्र बरेच काम झाले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. हे होते, त्यामागे पक्के विज्ञान आहे, आणि बागलाणसारख्या तालुक्याने त्याकडे लक्ष द्यावे असेच ते आहे. पण राख मुशीत पडण्याआधी भंगाराची निवड झाली नसेल आणि ओतीव माल बाहेर पडल्यावर तपासणी झाली नसेल, तर त्या राखेला भेसळ म्हणावे लागेल.

ॲल्युमिनियमचे सगळे अर्थकारण विजेचे आहे. साधारण ४ टन बॉक्साइटमधून २ टन ॲल्युमिना निघते आणि २ टन ॲल्युमिनामधून १ टन धातू. आपल्याकडे राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडच्या पठारावर बॉक्साइटच्या खाणी आहेत. खाणकाम त्यातल्या त्यात सोपे. अवघड आहे ते ॲल्युमिनामधला प्राणवायू सोडवणे. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी १८८६ साली, एकमेकांना न ओळखता, त्याची एकच युक्ती शोधली: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवायचे आणि त्यातून वीज सोडायची. दोघेही १८६३ साली जन्मले आणि १९१४ साली वारले. त्यांच्या युक्तीचे तत्त्व आजही तेच आहे आणि तिची विजेची भूक आजही मोठी आहे. १ किलो नव्या ॲल्युमिनियमला साधारण १४ युनिट वीज लागते. रात्रीच्या विजेची वाट पाहत विहिरीवर बसणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे, तर ५ अश्वशक्तीचा पंप पावणेचार तास चालेल एवढी. तोच धातू भंगारातून पुन्हा वितळवायला त्याच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा पुरते, कारण ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसलाच वितळते आणि प्राणवायूशी पुन्हा झगडावे लागत नाही.

म्हणजे तळ गेलेल्या पातेल्यात एकदा मोजलेली वीज साठलेली आहे. भारत दरवर्षी १० लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियम भंगार परदेशांतून आणतो. कारखानदारांच्या बोलीत त्या आयात मालाची नावेही ठरलेली असतात. मिश्र कास्टिंगला ‘टेन्स’ आणि मोडलेल्या गाड्यांच्या मिश्र अलोह चुऱ्याला ‘झोर्बा’ म्हणतात. बाहेरून विकत आणलेल्या मालाला नाव आणि प्रत आहे. आपल्या गावच्या पोत्याला मात्र फक्त वजन आहे.

भंगारातल्या ॲल्युमिनियमचे दुखणे काय, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे उपाय त्याच दुखण्यावर आहेत. पहिले आणि सर्वांत चिवट दुखणे लोखंडाचे. कव्हरमध्ये अडकलेला बोल्ट, खिडकीच्या पट्टीतला स्क्रू, पातेल्याच्या कानाचे रिव्हेट, इतकेच काय ढवळायला घेतलेली लोखंडी सळई, हे सगळे वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हळूहळू विरघळते. थंड होताना हे लोखंड ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनबरोबर मिळून लांब, चपटे, ठिसूळ स्फटिक करते. सूक्ष्मदर्शकाखाली ते सुयांसारखे दिसतात. ओतीव नगावर ताण आला की चीर याच सुयांच्या कडेने धावते. एकदा विरघळलेले लोखंड परवडणाऱ्या खर्चात बाहेर काढण्याचा मार्ग लहान भट्टीवाल्याकडे नाही. शुद्ध धातू मिसळून त्याचे प्रमाण कमी करता येते, किंवा थोडे मँगनीज घालून सुयांचा आकार बदलून त्यांना कमी घातक करता येते. बस, एवढेच. म्हणून पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन भंगारापाशी बसलेला माणूस हाच या धंद्यातला पहिला धातुशास्त्रज्ञ असतो, असे मी मनापासून मानतो.

दुसरे दुखणे हवेतले. तापलेले ॲल्युमिनियम ओलाव्यातला हायड्रोजन शोषून घेते. द्रवरूपात त्याला जेवढा हायड्रोजन पोटात ठेवता येतो, त्याच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढाच घनरूपात ठेवता येतो. गोठताना उरलेला वायू सुटतो आणि नगाच्या आत बारीक पोकळ्या राहतात. वर्कशॉपमधला मुलगा लेथवर नग लावतो, पहिला कट घेतो आणि आतून टाचणीच्या डोक्याएवढी भोके उघडी पडतात. ‘ब्लो होल आले’ म्हणून तो नग पुन्हा भंगारात जातो. तिसरे दुखणे म्हणजे धातूवर सतत येणारी ऑक्साइडची साय. पातळ पत्रा, डबे, लेथचा चुरा यांचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे ते सायच जास्त देतात. ती आत ढवळली गेली की नगात पडद्यासारखी अडकून बसते. चौथे म्हणजे प्रत्येक वेळी वितळवताना मॅग्नेशियमचा काही भाग जळून जातो आणि मिश्रधातूचे बळ उतरते.

यावरची पूरक द्रव्ये जुनी आणि खात्रीची आहेत. ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूत सोडियमची चिमूट टाकली की सिलिकॉनचे जाडेभरडे तुकडे बारीक तंतूंसारखे होतात आणि धातूचा ठिसूळपणा जातो. या शोधाचे पेटंट अलादार पाक्झ यांना १९२१ साली मिळाले. आज सोडियमच्या जागी बहुधा स्ट्राँशियम वापरतात, तेही टक्क्याच्या शंभराव्या भागांत मोजावे इतके थोडे. टायटॅनियम-बोरॉनची कांडी टाकली की धातूचे कण बारीक पडतात. जळालेले मॅग्नेशियम मोजून परत घालता येते. नायट्रोजन किंवा आरगॉनचे बुडबुडे खालून सोडले की हायड्रोजन वर निघून जातो. यातली एकही गोष्ट अंदाजाने करता येत नाही. आधी मुशीत काय आहे हे कळावे लागते, आणि ते कळायला स्पेक्ट्रोमीटरवर नमुना ठेवावा लागतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींसाठी काम करणाऱ्या प्रयोगशाळांना ही रोजची बाब आहे. नामपूरच्या माणसाला ती एका एसटीच्या प्रवासाएवढी दूर आहे.

आता राखेकडे वळू.

धातूत कठीण कण मिसळून त्याला झीज सोसायला लावायचे, या कल्पनेत भारतीयांचा वाटा मोठा आहे. प्रदीप रोहतगी यांनी १९६० च्या दशकात इंटरनॅशनल निकेल कंपनीत असताना वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ग्रॅफाइटचे कण मिसळण्याचे काम केले. पुढे भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे ते संचालक झाले, नंतर अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी केंद्रात गेले. औष्णिक वीज केंद्राची उडती राख ॲल्युमिनियममध्ये मिसळून केलेल्या धातूवरचे त्यांचे काम जगभर माहीत आहे. त्याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या शेवटी, आयआयटी कानपूरमध्ये एस. राय यांनी ॲल्युमिनाचे कण वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ढवळून मिसळले. आज ज्या पद्धतीला ‘स्टर कास्टिंग’ म्हणतात, तिच्या पायाशी हे काम आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टोयोटाने डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये नेमक्या झिजणाऱ्या जागी सिरॅमिक तंतू बसवले आणि ही गोष्ट प्रयोगशाळेतून रस्त्यावर आली. आपल्या जिल्ह्यातल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख आपण विटा आणि सिमेंटपुरतीच ओळखतो. तिच्यासारख्याच राखेचा धातूत कस लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

मग शेतातली राख कशाला? कारण तिच्यात सिलिका आहे, आणि ती तिथे वनस्पतीने स्वतः आणून ठेवलेली आहे. भात, ऊस, बाजरी, मका, बांबू ही सगळी गवताच्या कुळातली. ती मुळांवाटे मातीतले विरघळलेले सिलिसिक आम्ल ओढतात आणि पानांत, खोडात, तुसात काचेसारखे साठवतात. भाताच्या मुळात हे काम करणारे जनुक ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले. भाताच्या पातीने हात कापतो तो याच सिलिकामुळे. आपल्या घरांतून राखुंडीने दात आणि राखेने भांडी घासली जात होती, ती याच कठीण कणांच्या जोरावर. १ टन भात भरडले की साधारण २०० किलो तूस निघते. ते जाळले की सुमारे ४० किलो राख. आणि नीट जाळलेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका.

इथे बागलाणच्या वाचकाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नामपूरची ओळख ज्या पिकांनी आहे, ती या कामाची नाहीत. कांद्याची पात आणि टरफल, डाळिंबाची साल, द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या यांची राख पोटॅश आणि चुन्याची असते. ती शेतात परत गेलेली बरी. तालुक्याच्या पश्चिम टोकाला मुल्हेर-साल्हेरच्या बाजूला पाऊस जास्त, तिथे भात होतो. पुढे सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी हा सगळा भाताचा पट्टा आणि घोटीला भाताच्या गिरण्या. तूस हवे तर ते तिथले. ऊस मात्र जवळचा. मोसमच्या फडांवर बंधाऱ्याच्या पाण्याने ऊस पिकवण्याची परंपरा इथे जुनी आहे, आणि ताहाराबादजवळ शेवरे येथे द्वारकाधीश साखर कारखाना आहे. साखर कारखाना म्हणजे बगॅसवर चालणारा बॉयलर, आणि बॉयलर म्हणजे राख. बगॅसच्या राखेत सिलिका तुसापेक्षा कमी, शिवाय उसाबरोबर आलेली माती-वाळू आणि अर्धवट जळालेला कोळसा. ती थेट मुशीत टाकण्याच्या लायकीची नसते. चाळावी लागते, पुन्हा भाजावी लागते.

भाजण्यातच निम्मे काम आहे. राख काळी असेल तर तिच्यात कार्बन उरला आहे. तापलेल्या ॲल्युमिनियमशी कार्बनची गाठ पडली की ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होऊ शकते. ते ठिसूळ तर असतेच, पण ओलावा लागला की त्याचे विघटन होऊन मिथेन सुटतो आणि नग आतून कुजतो. म्हणून राख ६००-७०० अंशांना मोकळ्या हवेत, पातळ थरात, पांढरट होईपर्यंत भाजायची. तुसातले पोटॅशियमही अडचण करते: त्याच्यामुळे सिलिकाचा पृष्ठभाग लवकर वितळतो आणि आतला कार्बन कोंडला जातो. तूस आधी सौम्य आम्लाने धुऊन घेतले की राख बरीच शुभ्र निघते. पण आच वाढवत नेणे हाही उपाय नव्हे. फार तापवले की सिलिकाचे रूप बदलून ती स्फटिकमय होते, आणि तशी धूळ फुप्फुसाला घातक. स्फटिकमय सिलिकाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. राख चाळणाऱ्या माणसाच्या तोंडावर धुळीचा चांगला मास्क हवा. रुमाल पुरत नाही.

आता मुशीपाशी या. मूस ग्रॅफाइटची, आत निवडलेले भंगार. बोल्ट, स्क्रू काढलेले, तेल-रंग जाळलेले आणि मुख्य म्हणजे कोरडे. ओला तुकडा वितळलेल्या धातूत बुडाला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. बंद डब्याचेही तेच. म्हणून भट्टीवर काम करणारा जुना माणूस आधी प्रत्येक तुकडा भट्टीच्या कडेवर तापत ठेवतो. धातू ७२०-७५० अंशांवर आला की वरची साय बाजूला घेतात. खालचा धातू आरशासारखा दिसतो, आणि दिसत असतानाच त्यावर नवी साय धरू लागते. इथे राख नुसती ओतली तर ती वरच तरंगत राहते. वितळलेले ॲल्युमिनियम सिलिकाला ओले करत नाही. म्हणून दोन गोष्टी करतात. एक, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली राख वेगळ्या भट्टीत तासभर तापवतात, म्हणजे तिच्यातला ओलावा आणि चिकटलेली हवा जाते. दोन, धातूत १ टक्क्याच्या आसपास मॅग्नेशियम घालतात. मॅग्नेशियममुळे धातू आणि सिलिका यांच्या सीमेवर स्पिनेलचा (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) पातळ थर धरतो आणि कण धातूला पकडून राहतो. सिलिकाचा काही भाग ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून ॲल्युमिना आणि सिलिकॉन देतो. तो सिलिकॉन धातूत विरघळतो आणि धातूचे ओतण्याचे गुण सुधारतो. मग ढवळणी सुरू होते, मिनिटाला काहीशे फेऱ्यांची. मध्ये भोवरा पडतो आणि राख त्या भोवऱ्यात थोडी-थोडी सोडतात. वेग कमी पडला तर राखेच्या गाठी होतात. वेग जास्त झाला तर भोवरा हवा आत खेचतो आणि पुन्हा ब्लो होल. ढवळणीचे पाते साध्या लोखंडाचे असेल तर ते स्वतःच विरघळून ज्या दुखण्यापासून सुरुवात केली तेच वाढवते; म्हणून ते ग्रॅफाइटचे घ्यायचे किंवा त्यावर सिरॅमिकचा लेप द्यायचा. ओतायला उशीर करून चालत नाही, कारण कण आणि धातू यांची घनता वेगळी असल्याने ते मुशीत वेगळे होऊ पाहतात. साचाही तापवलेला हवा.

हे सगळे नीट जमले तर काय मिळते? बहुतेक प्रयोगांचा कल एकच आहे. थोड्या टक्क्यांपर्यंत राख वाढवत गेले की कठीणपणा वाढतो आणि झीज कमी होते. एका मर्यादेनंतर राखेच्या गाठी आणि पोकळ्या वाढतात आणि ताकद उतरते. धातूचा ताणला जाण्याचा गुण बहुधा सुरुवातीपासूनच घटतो. नायजेरियातल्या अकुरे येथील तंत्रज्ञान विद्यापीठात केनेथ अलानेमे आणि सहकाऱ्यांनी केलेले काम मला सर्वांत उपयोगी वाटते. त्यांनी २०१३ साली ॲल्युमिनाच्या महाग भुकटीचा काही भाग काढून त्याजागी तुसाची राख घातली. एकूण भर १० टक्के, त्यात राख २ ते ४ टक्के. राख वाढली तसा कठीणपणा थोडा उतरला. पण २ टक्के राखेचा धातू चीर रोखण्यात आणि ताणले जाण्यात नुसत्या ॲल्युमिनाच्या धातूपेक्षा सरस ठरला. यातून धडा सरळ निघतो. राख ही सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिनाच्या तोडीची नाही. पण महाग भुकटीचा काही भाग ती वाचवू शकते, आणि मोजक्या प्रमाणात घातली तर गुणही देते.

या विषयावरचे कितीतरी शोधनिबंध एका अडचणीपाशी थांबतात: मूळ धातू म्हणून ते बाजारातली शुद्ध लगड घेतात. तिची रचना माहीत असते, म्हणून तुलना सोपी जाते. खऱ्या भंगारात आज पिस्टन जास्त, उद्या पत्रा जास्त. पिस्टनमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन, तारेत जवळजवळ काहीच नाही, खिडकीच्या सेक्शनमध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन थोडे-थोडे, डब्याच्या झाकणात मॅग्नेशियम भरपूर. अशा मिश्रणात ५ टक्के राख घालून कठीणपणा वाढला, तर तो राखेने वाढला की पिस्टनने? निवड न केलेल्या भंगारावर हा प्रश्न सुटत नाही. आणि लोखंडाच्या सुया असलेल्या धातूत राखेचे कण टाकणे म्हणजे चिरेला वाट करून देणे.

आणखी एक हिशेब मांडतो, कारण ‘शेतातल्या कचऱ्याचा प्रश्न सुटला’ असे मथळे मला अस्वस्थ करतात. दिवसाला २,५०० टन ऊस गाळणारा कारखाना घ्या. १ टन उसामागे सुमारे ३०० किलो ओले बगॅस आणि त्यातून काही किलो राख, असे धरले तरी दिवसाला १० टनांच्या घरात राख जाते आणि पाच महिन्यांच्या हंगामात ती १,५०० टनांपर्यंत पोहोचते. ५ टक्क्यांनी ती धातूत मुरवायची तर ३०,००० टन ॲल्युमिनियम लागेल. उलट बाजूने पाहिले तर १ टन भाताची ४० किलो राख ८०० किलो धातूला पुरते. म्हणजे राखेचा तुटवडा कधीच पडणार नाही, आणि धातूत मिसळून ती कधी संपणारही नाही. मोठ्या प्रमाणावर राख जिरवायची जागा विटा, सिमेंट आणि शेती हीच आहे. धातूत ती घालायची ती तिच्या गुणासाठी, विल्हेवाटीसाठी नव्हे. धातू वाचवायलाही नव्हे. १०० किलोमागे ५ किलो धातू वाचला तरी त्यातला बराचसा नफा भाजणे, चाळणे, ढवळणे यांत जातो.

मग करायचे काय? कडबाकुट्टीची आणि पिठाच्या गिरणीची पुली, फवारणी यंत्राचे कव्हर, यंत्राखालचे पाय, झिजणारे बुश, हलक्या भाराचे ब्रॅकेट. जिथे झीज आहे, पण तुटले तर जीव जाणार नाही, अशी कामे. मोटारसायकलचे चाक, ब्रेकचा कोणताही भाग, वजन उचलणारा हूक यांना हा धातू लावू नये. लेथवाल्यानेही जाणून असावे की हे कण साध्या हत्याराची धार लवकर घालवतात. कार्बाइडची टिप लागते.

भांडी मात्र कधीच नाहीत. याबाबत मला ठाम बोलायचे आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विकसनशील देशांत भंगारापासून बनवलेली ४२ भांडी तपासली गेली. त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश भांड्यांतून धोकादायक प्रमाणात शिसे अन्नात उतरू शकते, असे दिसले. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भारतातून आयात झालेल्या काही ॲल्युमिनियम आणि हिंडालियमच्या भांड्यांबाबत शिशाचाच इशारा दिला. भंगारात इंजिनाचे भाग, रंगाचे थर, इलेक्ट्रॉनिक्सचा चुरा आला की शिसे, कॅडमियम त्याबरोबर येतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. डाळ-आमटी, चिंचेचे सार, टोमॅटोची भाजी अशा आंबट पदार्थांत ते सुटतात. लहान मुलाच्या मेंदूला शिशाची सुरक्षित पातळी म्हणून नाहीच. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे करण्याचा आदेश काढला. आठवडे बाजारात वजनावर मिळणाऱ्या बिनठशाच्या कढईपर्यंत त्याची अंमलबजावणी पोहोचली पाहिजे.

ठशाचा प्रश्न राखेच्या धातूलाही आहे, आणि त्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. आज ओतलेली पुली दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा भंगारात येणार. तेव्हा ती साध्या कास्टिंगसारखीच दिसेल. वितळवणाऱ्याला तिच्यात राख, स्पिनेल, जास्तीचे मॅग्नेशियम आहे हे कळणार नाही. मिठाच्या फ्लक्सखाली वितळवून हे कण बऱ्याच प्रमाणात वेगळे काढता येतात, पण आधी ते आहेत हे माहीत हवे. आपण भंगाराला ‘पुन्हा-पुन्हा वापरता येणारा धातू’ म्हणतो ते तो शुद्ध राहील या विश्वासावर. त्या विश्वासात राख कालवायची असेल, तर नगावर ओततानाच खूण उमटली पाहिजे. साच्यात एक अक्षर आणि एक आकडा कोरायला ओताऱ्याला काही पैसे पडत नाहीत.

नामपूरला विज्ञान शाखेचे महाविद्यालय आहे. रसायन आणि भौतिकीच्या विद्यार्थ्यांना यातले बरेच काम गावातच करता येईल: राख भाजून तिचे वजन किती घटते ते पाहणे, चाळण्या लावणे, पाण्यात तोलून नगाची घनता काढणे आणि त्यावरून आत किती पोकळी आहे हे ठरवणे. आर्किमिडीजच्या पद्धतीला महाग यंत्र लागत नाही. कठीणपणाची चाचणी आणि स्पेक्ट्रोमीटर यांसाठी नाशिकला जावे लागेल. धातूचे मोठे प्रश्न विचारायला नागपूरजवळ वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र आहे. १९८९ साली स्थापन झालेली ही केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाची संस्था बॉक्साइटपासून पुनर्वापरापर्यंत याच एका धातूवर काम करते. खाण मंत्रालयाने २०२० साली अलोह धातूंच्या भंगारासाठी राष्ट्रीय आराखडाही काढला. संस्था आहे, आराखडा आहे. तालुक्याच्या गावातला भंगारवाला, ओतारी आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा हे तिघे एका टेबलाशी बसलेले मात्र अजून दिसत नाहीत. हे टेबल मांडण्याचे काम महाविद्यालयाने करावे, कारण तिघांत त्याचाच कोणाशी व्यवहाराचा हितसंबंध नाही.

हा अंक वाचणाऱ्या घरांत दिवाळीच्या साफसफाईत भंगार निघालेच असेल. ते देताना भांडी, तार, खिडकीच्या पट्ट्या आणि इंजिनाचे भाग वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. लोखंडी स्क्रू आणि बोल्ट काढून ठेवा. किटली आणि डबे धुऊन, पूर्ण वाळवून द्या. आणि वजनावर मिळणारी बिनठशाची कढई स्वयंपाकासाठी विकत घेऊ नका.